इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवायचा? व्याख्या आणि उदाहरणवाक्यांची सोपी पद्धत, तीही मोबाईलवर



"रोज १० शब्द पाठ करा, महिन्यात ३०० शब्द शिका" असे फोटो तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असतील. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. आपण फोटो सेव्ह करतो, दोन दिवस वाचतो आणि मग तो गॅलरीत पडून राहतो. पुढे तोच शब्द कुठे दिसला की "हा वाचलाय" एवढं आठवतं, पण वाक्यात वापरायची वेळ आली की गाडी अडते.

यात तुमच्या हुशारीचा काही संबंध नाही. शब्द शिकायची पद्धतच अर्धी आहे. शब्दाचा मराठी अर्थ मिळाला, पण तो शब्द कुठे वापरतात, कोणत्या शब्दांबरोबर येतो, हे कळलंच नाही. ते कळतं व्याख्येतून आणि उदाहरणवाक्यातून.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत:

• शब्द "येतो" म्हणजे नक्की काय
• डिक्शनरीतली नोंद कशी वाचायची
• उदाहरणवाक्यांचा वापर कसा करायचा
• रेल्वे, बँक, परीक्षा आणि मोबाईल यांतले रोजचे शब्द, व्याख्या आणि वाक्यांसह
• शिकलेला शब्द लक्षात ठेवायचं तंत्र आणि मोफत साधनं

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनीअरिंग आणि आता सॉफ्टवेअरची नोकरी. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे माझ्या वयाच्या मुलांना इंग्रजीची ओळख लहानपणीच झाली. तरी कॉलेजात आणि ऑफिसात शब्द कमी पडतात, ही तक्रार आजही ऐकू येते. गावी गेलो की चुलत भावंडं विचारतात, "दादा, इंग्रजीसाठी कुठलं ॲप घेऊ?" माझं उत्तर असतं, ॲप कुठलंही घे, आधी पद्धत समजून घे. तीच पद्धत इथे सविस्तर लिहितोय.

एक सूचना: या लेखातले इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहिलेत. प्रत्येकाचं स्पेलिंग स्वतः डिक्शनरीत शोधून वहीत लिहा. ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंग शोधता येणं हाही शब्द शिकण्याचाच भाग आहे.

शब्द "येतो" म्हणजे काय?

एखादा शब्द पूर्ण येतो असं म्हणायला पाच गोष्टी माहीत असाव्या लागतात.

१. उच्चार आणि स्पेलिंग: ऐकला तर ओळखता आला पाहिजे, लिहिता आला पाहिजे.
२. अर्थ: एकच की अनेक, आणि या वाक्यात त्यातला कुठला.
३. जात: तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण.
४. सोबत: त्याच्या आगेमागे सहसा कोणते शब्द येतात.
५. जागा: मित्राशी बोलताना चालतो की फक्त अर्जात, ईमेलमध्ये शोभतो.

फोटोतल्या यादीतून यातली फक्त दुसरी गोष्ट मिळते, तीही अर्धीच. वाचताना कळणारे शब्द आणि बोलताना तोंडात येणारे शब्द यांच्यात जे अंतर पडतं, ते उरलेल्या गोष्टींमुळे.

एक मराठी अर्थ का पुरत नाही?

आपल्या कोकणातलंच उदाहरण घेऊ. जुलैमध्ये शास्त्री नदी भरून वाहते तेव्हा आपण म्हणतो, जोराचा पाऊस आणि जोराचा वारा. मराठीत दोन्हीला "जोराचा" चालतं. इंग्रजीत पाऊस "हेवी" असतो आणि वारा "स्ट्राँग". "स्ट्राँग रेन" म्हटलं तर समोरच्याला कळेल, पण कानाला खटकेल.

आता "कडक" हा शब्द बघा.

• कडक चहा: स्ट्राँग टी
• कडक शिक्षक: स्ट्रिक्ट टीचर
• कडक लाडू: हार्ड लाडू
• कडक थंडी: बिटर कोल्ड

एका मराठी शब्दाला चार इंग्रजी शब्द लागले. उलट दिशेनेही तेच. "रन" म्हणजे धावणे, हे पहिलीतलं पोर सांगेल. पण दुकान रन करतात म्हणजे चालवतात, प्रोग्रॅम रन होतो, एसटी दर तासाला रन करते, सर्दी झाली की नाकही रन होतं आणि पेट्रोल संपलं की आपण "रन आउट ऑफ पेट्रोल" होतो.

शब्दांच्या या जोड्यांना भाषाशास्त्रात कोलोकेशन म्हणतात. सोपं नाव द्यायचं तर शब्दांची संगत. ही संगत तर्काने काढता येत नाही, पाहून आणि ऐकूनच कळते. म्हणून उदाहरणवाक्य लागतं.

ऑफिसातला एक मजेदार शब्द सांगतो: "रिव्हर्ट". भारतातल्या ईमेलमध्ये "प्लीज रिव्हर्ट" म्हणजे "कृपया उत्तर द्या". डिक्शनरीत मात्र रिव्हर्टचा मूळ अर्थ आहे पूर्वीच्या स्थितीला परत जाणे. सॉफ्टवेअरमध्ये "रिव्हर्ट द चेंज" म्हणजे केलेला बदल मागे घेणे. परदेशी सहकाऱ्याला कोडबद्दल लिहिताना "प्लीज रिव्हर्ट" लिहिलं, तर तो उत्तर देण्याऐवजी तुमचं काम मागे घेऊन मोकळा होऊ शकतो. मराठी अर्थ पाठ असून इथे काही उपयोग नाही, वाक्य आणि जागा माहीत पाहिजे.

डिक्शनरीचे प्रकार: कुठली वापरायची?

पहिला प्रकार इंग्रजी-मराठी डिक्शनरीचा. आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. मोल्सवर्थ कोशाची १८५७ ची आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोफत शोधता येते. नंतरच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्यातही भर होता वाक्यांच्या भाषांतरावर. आता अनेक घरांत वीरकरांची डिक्शनरी सापडते. पटकन अर्थ हवा असेल तर हा प्रकार उत्तम.

दुसरा प्रकार म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. ही खास इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असते. व्याख्या इंग्रजीतच, पण सोप्या शब्दांत. या कल्पनेमागचा विचार इंजिनीअरला आवडेल असा आहे: अवघड शब्द समजावताना त्याहून अवघड शब्द वापरायचे नाहीत. मायकेल वेस्ट हे शिक्षक त्या काळच्या बंगालमध्ये, ढाक्याला शिकवत. त्यांच्या १९३५ च्या डिक्शनरीत सुमारे २४,००० नोंदी फक्त १,४९० शब्द वापरून समजावल्या होत्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. त्यांचा कोश तिथे १९४२ मध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. लाँगमनने १९७८ मध्ये सुमारे २,००० शब्दांत व्याख्या लिहिल्या. १९८७ मध्ये आलेल्या कोबिल्ड डिक्शनरीत तर व्याख्याच पूर्ण वाक्यात असते, म्हणजे अर्थ आणि वापर एकत्रच मिळतो.

माझा सल्ला: आधी लर्नर्स डिक्शनरीतली व्याख्या वाचा, स्वतःच्या मनाने अर्थ लावा आणि मग खात्रीसाठी मराठी अर्थ बघा. क्रम उलटा केला की मेंदू मराठी शब्दावर थांबतो आणि पुढचं वाचतच नाही.

डिक्शनरीतली नोंद कशी वाचायची?

ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिन्ही लर्नर्स डिक्शनऱ्या ब्राउझरमध्ये मोफत उघडतात. शब्द शोधला की या गोष्टी बघा.

उच्चार: स्पीकरच्या खुणेवर टॅप करा आणि दोनदा मोठ्याने म्हणा. जोर कुठल्या भागावर आहे ते ऐका. "रेकॉर्ड" नाम असताना जोर पहिल्या भागावर असतो, क्रियापद असताना दुसऱ्या.

शब्दाची जात: नाम, क्रियापद, विशेषण. "ॲडव्हाइस" नाम आहे आणि "ॲडव्हाइझ" क्रियापद. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक.

मोजता येतं की नाही: नामाशेजारी काउंटेबल किंवा अनकाउंटेबल असं लिहिलेलं असतं. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, लगेज, फर्निचर हे मोजता न येणारे. म्हणून "ॲन ॲडव्हाइस" किंवा "इन्फर्मेशन्स" होत नाही. "अ पीस ऑफ ॲडव्हाइस" होतं.

पातळी: ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या असतात. ए-१ सगळ्यात सोपी. सी पातळीचा शब्द सुरुवातीला सोडून दिला तरी चालेल.

अर्थांचे क्रमांक: पहिलाच अर्थ उचलू नका. तुमच्या वाक्यात बसणारा अर्थ शोधा.

उदाहरणवाक्य: किमान दोन वाचा. शब्दापुढे कुठलं प्रीपोझिशन आलंय ते बघा. "डिस्कस"पुढे "अबाउट" येत नाही आणि "एक्सप्लेन"नंतर "टू मी" येतं, हे नियम पाठ न करता वाक्यातूनच बसतात.

तीन वाक्यांची पद्धत

नवीन शब्द आला की वहीत किंवा नोट्स ॲपमध्ये शब्द, सोप्या इंग्रजीत व्याख्या आणि तीन वाक्यं लिहायची.

वाक्य १: डिक्शनरीतलं. जसंच्या तसं.
वाक्य २: सापडलेलं. हा शब्द ज्या बातमीत, एसएमएसमध्ये किंवा व्हिडिओत भेटला ते वाक्य.
वाक्य ३: स्वतःचं. आपल्या गावातलं, घरातलं, खरं वाक्य.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "जॉन इज अ डिलिजंट बॉय" हे लक्षात राहत नाही, कारण जॉन आपल्याला कधी भेटलेला नाही. "रिलक्टंट" म्हणजे मनापासून तयार नसलेला. याचं वाक्य मी लिहीन: "माय आजी इज रिलक्टंट टू सेल द ओल्ड मँगो ट्रीज." मराठीत आपण म्हणू, आजी जुनी कलमं विकायला काही केल्या राजी नाही. या वाक्यात माणूस आहे, कलमं आहेत आणि "रिलक्टंट"च्या पुढे "टू" येतो हेही आहे. एक वाक्य लक्षात राहिलं की तिन्ही गोष्टी लक्षात राहतात.

आता हीच पद्धत खऱ्या शब्दांवर वापरून पाहू. हे शब्द मी मुद्दाम मोबाईलवर रोज दिसणारे घेतलेत, कारण यांचा अर्थ चुकला तर गाडी, पैसे किंवा मार्क जातात.

रेल्वेचे शब्द

गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढलेल्या प्रत्येकाने हे स्क्रीनवर पाहिलेत.

रिग्रेट: एखाद्या गोष्टीची खंत वाटणे. तिकीट साइटवर मात्र याचा अर्थ "क्षमस्व, आता वेटिंगचंही तिकीट मिळणार नाही". वाक्य: "द स्टेटस इज शोइंग रिग्रेट फॉर स्लीपर क्लास."

आरएसी: रिझर्व्हेशन अगेन्स्ट कॅन्सलेशन. "अगेन्स्ट" म्हटलं की आपल्याला "विरुद्ध" आठवतं. इथे अर्थ आहे "च्या बदल्यात". कुणी तिकीट रद्द केलं तर त्या जागी तुम्हाला बर्थ मिळेल, तोवर बसायला जागा आहे. गाडीत चढता येतं. वाक्य: "आय हॅव ॲन आरएसी टिकिट, सो आय कॅन बोर्ड द ट्रेन."

रिशेड्यूल्ड: वेळ बदलून पुढची दिलेली. गाडी पहिल्या स्टेशनवरूनच उशिरा सुटणार. वाक्य: "द ट्रेन हॅज बीन रिशेड्यूल्ड बाय टू अवर्स." इथे "बाय" किती तासांनी ते सांगतो.

डायव्हर्टेड: दुसऱ्या मार्गाने वळवलेली. ही गाडी धावतेय, पण कदाचित तुमच्या स्टेशनवर येणारच नाही. वाक्य: "द ट्रेन वॉज डायव्हर्टेड बिकॉज ऑफ अ लँडस्लाइड."

शॉर्ट टर्मिनेटेड: ठरलेल्या शेवटच्या स्टेशनच्या आधीच संपवलेली. वाक्य: "द ट्रेन वॉज शॉर्ट टर्मिनेटेड ॲट रत्नागिरी." संगमेश्वर रोडला उतरणाऱ्याने मुंबईहून येताना हे वाचलं तर घाबरायचं कारण नाही, रत्नागिरी पुढे आहे. पण तोच निरोप चिपळूणचा असेल तर पुढची सोय बघावी लागेल.

बँक आणि पेमेंटचे शब्द

डेबिट: खात्यातून पैसे काढून घेणे. क्रेडिट: खात्यात जमा करणे. वाक्य: "युवर अकाउंट हॅज बीन डेबिटेड बाय रुपीज ५००." बऱ्याच जणांना क्रेडिट म्हणजे फक्त उधारी वाटते. मेसेजमध्ये क्रेडिटेड दिसलं तर पैसे आलेत.

रिक्वेस्ट: मागणी. "हॅज रिक्वेस्टेड मनी फ्रॉम यू" या वाक्यात जीव आहे तो "फ्रॉम यू"मध्ये. पैसे तुमच्याकडून मागितलेत. २०२५ पर्यंत कुणीही व्यक्ती यूपीआयवर अशी मागणी पाठवू शकायची, तेव्हा फसवणारा फोनवर सांगायचा, "पैसे पाठवलेत, फक्त ॲप्रूव्ह करा". ॲप्रूव्ह केलं की तुमचेच जायचे. पक्कं लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घेण्यासाठी म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत असं समजा.

मँडेट: आधी देऊन ठेवलेली परवानगी. ऑटोपे मँडेट दिलं की ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप कापले जातात. वाक्य: "आय सेट अप अ मँडेट फॉर द मंथली प्लॅन."

रिव्होक: दिलेली परवानगी मागे घेणे. मँडेटचा जोडीदार. वाक्य: "यू कॅन रिव्होक द मँडेट एनी टाइम." ॲप डिलीट केलं म्हणजे मँडेट रिव्होक झालं असं नाही. ते पेमेंट ॲपमधल्या ऑटोपे भागात जाऊन करावं लागतं.

अप्लाय: एका शब्दात तीन अर्थ. "अप्लाय फॉर अ जॉब" म्हणजे अर्ज करणे, "अप्लाय द क्रीम" म्हणजे लावणे आणि "टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय" म्हणजे अटी लागू.

अप टू: जास्तीत जास्त. "अप टू ८० पर्सेंट ऑफ" म्हणजे ८० टक्के ही कमाल मर्यादा. तुम्हाला हवी असलेली वस्तू १० टक्क्यांवरही असू शकते.

परीक्षेतले शब्द

मराठी माध्यमातून डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगला गेलेल्यांनी हा भाग जपून ठेवा. अनेकदा विषय येत असतो, पण प्रश्नातल्या क्रियापदामुळे मार्क जातात.

• डिफाइन: एक-दोन वाक्यांत नेमकी व्याख्या द्या.
• स्टेट: नियम किंवा मुद्दा फक्त सांगा, स्पष्टीकरण नको.
• एक्सप्लेन: कसं आणि का ते समजावून सांगा.
• इलस्ट्रेट: उदाहरण किंवा आकृती देऊन दाखवा.
• डिराइव्ह: सूत्र पायरीपायरीने काढून दाखवा.
• जस्टिफाय: तुमचं उत्तर बरोबर का आहे त्याची कारणं द्या.
• डिस्टिंग्विश: दोन गोष्टींतला फरक सांगा. संगत बघा: "डिस्टिंग्विश बिटवीन एसी अँड डीसी."

दोन मार्कांच्या "स्टेट"ला पान भरून लिहिलं तर वेळ जातो, आणि आठ मार्कांच्या "जस्टिफाय"ला दोन ओळी लिहिल्या तर मार्क.

मोबाईल आणि सॉफ्टवेअरचे शब्द

डिफॉल्ट: तुम्ही काही निवडलं नाही तर आपोआप लागू होणारी सेटिंग. वाक्य: "क्रोम इज माय डिफॉल्ट ब्राउझर." बँकेत याचा अर्थ वेगळा. "डिफॉल्ट ऑन अ लोन" म्हणजे कर्जाचे हप्ते थकवणे. पुढे "ऑन" आला की सावध व्हा.

इन्व्हॅलिड: ग्राह्य नसलेलं. "इन्व्हॅलिड पासवर्ड" म्हणजे टाकलेला पासवर्ड चालत नाही. जोर मधल्या भागावर.

एक्सपायर: मुदत संपणे. वाक्य: "द ओटीपी विल एक्सपायर इन टेन मिनिट्स." इथे "इन" म्हणजे "च्या आत" नाही, "इतक्या वेळाने".

डिप्रिकेटेड: अजून चालतंय, पण वापरू नका, पुढे काढून टाकणार आहेत. कोडिंग शिकणाऱ्यांना हा शब्द रोज भेटेल. तो दिसला म्हणजे प्रोग्रॅम बिघडला असं समजू नका. वाक्य: "धिस फंक्शन इज डिप्रिकेटेड, सो युज द न्यू वन."

लक्षात कसं ठेवायचं?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेली गोष्ट सुरुवातीला झपाट्याने विसरली जाते, मग विसरण्याचा वेग मंदावतो. यावर उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असतानाच उजळणी करायची आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं. आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी, महिन्याने. याला स्पेस्ड रिपिटिशन म्हणतात.

कागदावर करायचं असेल तर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली खोक्यांची पद्धत वापरा. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याने कप्पे करा. शब्द बरोबर आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने.

मोबाईलवर हेच काम अंकी करतं. अंकी हा जपानी शब्द आहे, अर्थ पाठांतर. २००६ पासून हे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड मोफत मिळतं. आयफोनचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, पण ब्राउझरमध्ये अंकीवेब फुकट वापरता येतं. सेटिंग अशी करा:

१. नवीन डेक तयार करा, नाव द्या "माझे शब्द".
२. कार्डाचा प्रकार "क्लोझ" निवडा. यात वाक्यातला शब्द लपतो आणि गाळलेली जागा दिसते.
३. तुमचं तिसरं वाक्य तिथे लिहा. "माय आजी इज ... टू सेल द ओल्ड मँगो ट्रीज."
४. मागच्या बाजूला व्याख्या आणि उच्चार टाका.
५. रोजच्या नवीन कार्डांची मर्यादा २० असते, ती ५ करा.

पाचवी पायरी टाळू नका. आज २० कार्ड घेणं सोपं वाटतं, पण प्रत्येक कार्ड पुन्हा पुन्हा उजळणीला येतं आणि काही आठवड्यांत रोजचा ढीग वाढतो. मग माणूस ॲपच उघडत नाही. रोज ५ शब्द म्हणजे वर्षाला १,८०० च्या वर झाले. आणि दुसऱ्याचे तयार डेक डाउनलोड करण्यापेक्षा स्वतः कार्ड करा. कार्ड तयार करतानाच अर्धा शब्द बसतो.

नेटवर्क नसेल तेव्हा

कोकणात राहणाऱ्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. संगमेश्वरहून रत्नागिरीला रेल्वेने निघालात की उक्षी आणि भोके यांच्या मध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. आत नेटवर्क शोधू नका, उजळणी करा. अंकीड्रॉइड इंटरनेटशिवाय चालतं. डिक्शनरीसाठी किविक्स हे मोफत ॲप घ्या. त्यात विक्शनरीची फाइल वायफायवर एकदा उतरवून घेतली की ती ऑफलाइन उघडते. फाइल मोठी असते, आधी स्टोरेज बघा.

नेट असेल तेव्हा गुगलवर "डिफाइन" लिहून पुढे शब्द टाका, व्याख्या आणि उच्चार लगेच येतो. आयफोनवर शब्द निवडून "लुक अप" दाबा. पाटी किंवा छापील फॉर्म असेल तर गुगल लेन्सने फोटो काढून शब्द कॉपी करा.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या एआय साधनांकडून उदाहरणवाक्यं मागता येतात. "रिलक्टंट हा शब्द वापरून ए-२ पातळीची पाच वाक्यं दे" असं लिहा. स्वतःचं वाक्य देऊन "हे नैसर्गिक वाटतं का?" हेही विचारा. मात्र अर्थ पक्का करायला डिक्शनरीच उघडा, कारण एआय चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं.

नेहमीचे प्रश्न

एकूण किती शब्द लागतात?
सगळ्यात जास्त वापरात असलेली २,००० शब्दकुटुंबं साध्या मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. शब्दकुटुंब म्हणजे हेल्प, हेल्पर, हेल्पफुल असे एका घरातले शब्द. वर्तमानपत्र किंवा कादंबरी मदतीशिवाय वाचायला सुमारे ८,००० ते ९,००० कुटुंबं लागतात, असा अंदाज संशोधक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. म्हणून आधी पहिली दोन हजार पक्की करा.

सुरुवात कुठल्या यादीने करू?
ऑक्सफर्ड ३००० ही यादी मोफत मिळते आणि ती ए-१ ते बी-२ अशी पातळीनुसार लावलेली आहे. त्यातले येणारे शब्द खोडत जा, न येणाऱ्यांवर काम करा.

व्याख्याच कळली नाही तर?
व्याख्येतला अडलेला शब्द शोधा. तरीही अडलं तर मराठी अर्थ बघा. मराठी अर्थ बघण्यात कमीपणा काही नाही, फक्त तिथेच थांबू नका.

ग्रामर आधी की शब्द आधी?
दोन्ही एकत्र. पूर्ण वाक्य शिकलात की ग्रामर त्यात आपोआप येतं.

आजपासून काय कराल?

आपल्या एसएमएसच्या इनबॉक्समध्ये जा. बँक, रेल्वे, मोबाईल कंपनी यांचे मेसेज वाचा आणि नीट न कळलेले पाच शब्द काढा. प्रत्येकाची व्याख्या शोधा, तीन वाक्यं लिहा, पाच कार्डं करा. वीस मिनिटांचं काम आहे. ज्या मेसेजला आपण आजवर नुसतं "ओके" करत आलो, त्यात नेमकं काय लिहिलंय ते आता स्वतः वाचता येईल, कुणाला विचारावं लागणार नाही.

घरात मोबाईलवर आलेला इंग्रजी मेसेज तुमच्याकडून वाचून घेणारं कुणी असेल, तर वरचे बँकेचे शब्द त्यांनाही समजावून सांगा. दुसऱ्याला सांगितलेला शब्द आपल्यालाही पक्का बसतो. माहिती उपयोगी वाटली तर मित्रमैत्रिणींना नक्की पाठवा.